अर्जनवीसाच्या मुलीची फाइल

जालना, ९ एप्रिल

आदरणीय सुमेधा मॅडम,

हे पत्र हाताने लिहिते आहे. टाइप करून पाठवलं असतं तर तुम्ही तेही त्या यंत्रात घालून पाहिलं असतं, असं वाटलं. उद्धटपणा होतो आहे, माहीत आहे. पण आठवडाभर तुम्ही फोन उचलत नाही आणि कॉलेजात मॅडम रजेवर आहेत एवढंच सांगतात. तेव्हा उद्धटपणाला मोकळीक मिळाली आहे, ती वापरून घेते.

माझी मसुदालेखनाची फाइल परत आली. दावे, जबाब, पोटगीचे अर्ज, जामिनाचे अर्ज, सगळे मसुदे त्यात आहेत. पहिल्या पानावर लाल शाईत तुमच्या अक्षरात लिहिलं आहे, "ही तुझी भाषा नाही." खाली यंत्राने काढलेला आकडा, ब्याण्णव टक्के. म्हणजे शंभरातली आठ मी आणि बाकीचं कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेलं. फाइल नापास, आणि समितीपुढे चौकशी. तिथे माझं म्हणणं पटलं नाही तर वर्ष गेलं.

मॅडम, ज्या लॅबमध्ये "एआय वापरून मसुदा कसा करावा" ही कार्यशाळा झाली, त्याच लॅबमध्ये एआय वापरणाऱ्यांना पकडायचं यंत्र बसवलं. शिकवणार तेच आणि पकडणारही तेच. कार्यशाळेत मी पहिल्या बाकावर होते, प्रमाणपत्रही मिळालं. खोटं बोलत नाही, तिथे दाखवलेलं ॲप मी वापरलं आहे. इंग्रजी निकालपत्रं समजून घ्यायला वापरलं. मसुद्यासाठी मला त्याची गरज नव्हती, आणि का नव्हती हे तुम्हाला तरी सांगावं लागायला नको होतं.

तरी सांगते. माझे अब्बा, लालमियाँ, मंठ्याला कोर्टाच्या फाटकाबाहेर अर्जनवीस आहेत. लोक येतात, आपली कहाणी सांगतात, अब्बा ती कोर्टाला समजेल अशा भाषेत लिहून देतात. त्याआधी आजोबा हेच काम करायचे, निजामाच्या राज्यात, उर्दूत. मग राज्य बदललं, आजोबांनी मराठी शिकून घेतली आणि अर्ज चालू ठेवले. आमच्या घरात बोलणं उर्दूत आणि लिहिणं मराठीत. बाजाराची मराठी मला शाळेत गेल्यावर समजली. त्याआधी मला "सदरहू मिळकत" माहीत होती, "वर नमूद केल्याप्रमाणे" माहीत होतं. खेळताना मी बाहुलीच्या वतीने अर्ज करायचे.

अब्बांच्या टपरीत बसून मी मोठी झाले. माणूस खरं सांगत असला की अब्बा मध्ये मध्ये प्रश्न विचारतात, वाद घालतात, चिडतातसुद्धा. माणूस खोटं सांगू लागला की गप्प होतात. नुसतं "जी" म्हणतात आणि लिहून घेतात. पक्षकाराला खोटं पाडणं त्यांचं काम नाही, असं ते म्हणतात. तेवढ्या एका "जी"वरून मला कळायचं की समोरचा बनाव करतो आहे.

पहिल्या वर्षी मी लिहिलेला वारसाचा अर्ज तुम्ही वर्गात उभं राहून वाचून दाखवला होता. "हिच्याकडून शिका," म्हणाला होतात. त्या दिवशी मी मंठ्याला फोन करून अब्बांना ते तीनदा सांगितलं. तीच मुलगी आहे मी, मॅडम. भाषाही तीच आहे.

अब्बांना यातलं काही सांगितलेलं नाही. ते उगाच जिवाला लावून घेतील.

वर लिहिलेला मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा व बरोबर आहे. (घरची सवय आहे, हसा.)

आपली विद्यार्थिनी,
आसिफा


जालना, १६ एप्रिल

आदरणीय मॅडम,

तुमचा निरोप मोबाइलवर आला. "काळजी करू नकोस. समितीसमोर जे खरं आहे ते लिही." दोनच वाक्यं, पण आली. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

आता समितीसमोर काय करायचं याची नोटीस लागली आहे. एक विषय देणार, फोन बाहेर ठेवायचा, समोर बसून हाताने अर्ज लिहायचा. हे ऐकून मला हायसं वाटलं. पण नोटिशीत शेवटी एक ओळ आहे, की लिहिलेला मजकूरही टाइप करून यंत्रात तपासला जाईल. तेव्हापासून झोप उडाली आहे.

अकिबचं तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या वर्षाचा. त्याने मागच्या महिन्यात समितीसमोर बसून दोन पानं सुरेख लिहिली. यंत्राने तीही मशीनची ठरवली. प्राचार्य म्हणाले, मशीनकडून लिहून घेतलंस आणि पाठ करून आलास. आता पोरगा सेलूला मामाच्या दुकानात बसतो. तुम्ही त्या समितीत नव्हतात, म्हणून सांगते आहे.

मी एक गोष्ट करून पाहिली. अब्बांनी मागे लिहिलेल्या एका अर्जाचा फोटो माझ्याकडे होता. मी जन्मले नव्हते तेव्हाचा अर्ज, टाइपरायटरवर केलेला. तो पुन्हा टाइप करून मी तसल्याच एका यंत्रात घातला. यंत्र म्हणालं, हा मजकूर बहुधा यंत्राने लिहिला आहे.

हसू आलं आणि नंतर रडू आलं. मग डोक्यात प्रकाश पडला. असे लाखो अर्ज वाचून ते यंत्र लिहायला शिकलं असणार. अब्बांसारख्या माणसांनी जन्मभर जे लिहिलं तेच गिळून बसलं आहे. ते आमच्यासारखं लिहितं, मॅडम, आणि चोर आम्ही ठरतो. हे मला समितीला सांगता येईल का? की तेही पाठ करून आलीस म्हणतील?

खोलीत माझ्याबरोबर दैवशाला असते. अंकुशनगरची, वडील कारखान्यात आहेत. वर्गात मागे बसते, पण मनाने सोन्यासारखी आहे. तिने तिची फाइल अख्खी एआयकडून करून घेतली. नंतर दुसऱ्या एका ॲपमध्ये घातली. ते ॲप मजकूर बिघडवून देतं. वाक्यं तोडतं, मागचं पुढे करतं, मध्येच गबाळं काहीतरी घुसवतं. तिची फाइल यंत्रातून स्वच्छ निघाली. तिला चांगले मार्क पडले आहेत. तिचं नाव लिहिते आहे ते विश्वासावर. तिच्यावर काही आणू नका.

काल मला म्हणाली, "आगं, कशाला रडून राह्यलीस? तुझं लिवलेलं बी ह्याच्यात घाल. बराबर माणसाचं करून देतं."

मी म्हटलं, "दैवशाला, ते माणसाचंच आहे."

"मला म्हाईत हाय गं. पर यंत्राला न्हाई ना म्हाईत," ती म्हणाली. मग माझ्या पलंगावर येऊन बसली आणि एकदम हळू आवाजात म्हणाली, "हे बघ, तिथं लई शानी बनू नको. मला जसं येतं, तसं लिव. पास होऊन जाशील."

मी तिच्यावर रागावले. ती माझे केस विंचरत बसली.

मॅडम, तुम्ही समितीत असणार आहात. मी लिहायला बसले की एकदा माझ्याकडे बघा. मला धीर येईल.

आपली,
आसिफा


जालना, २४ एप्रिल

आदरणीय मॅडम,

समितीने सहानुभूतीने विचार केला याबद्दल मी आपली व समितीची ऋणी आहे. नवीन फाइल ठरलेल्या मुदतीत सादर करीन. आपण माझ्या बाजूने शब्द टाकलात हे प्राचार्यांनी सांगितलं. अब्बांनीही आपल्याला सलाम सांगितला आहे.

आपली नम्र,
आसिफा


मंठा, १४ सप्टेंबर

मॅडम,

मागचं पत्र फाडून टाका. ते मी लिहिलेलं असलं तरी माझं नाही.

तुम्ही आता नागपूरला असता असं कळलं. नवा पत्ता दैवशालाने शोधून दिला. तिला पदवी मिळाली, मलाही मिळाली. सनदेचा अर्ज दिला आहे. सगळं बिलकुल व्यवस्थित आहे. म्हणूनच आता लिहिता येतं आहे. आता तुम्ही माझं काही बिघडवू शकत नाही आणि मला तुमच्याकडून मार्कही नको आहेत.

त्या दिवशी तुम्ही एवढंच पाहिलंत की आसिफा बसली, लिहिलं, पेपर दिला. विषय तुम्हीच काढला होता. नवऱ्याने टाकलेल्या बाईचा पोटगीचा अर्ज. सोपा दिला होतात, माझ्यावर मेहेरबानी म्हणून. तो अर्ज मला झोपेतही येतो. मी पेन उचललं आणि अख्खा अर्ज डोळ्यांपुढे उभा राहिला. लग्न कधी, कुठे, कसं. मुलं किती. हाकललं कधी. त्याची कमाई किती, हिच्याकडे काय. मग मागणं. आणि त्याच वेळी मला अकिब दिसला.

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात.

मग मी दैवशालाला जसं येतं तसं लिहिलं. लग्नाची तारीख घातलीच नाही. नवऱ्याची कमाई मध्येच, मुलांच्या आधी घातली. बाईला सरळ रडायला लावलं, "साहेब, माझं कोणी न्हाई, माझ्यावर दया करा," असं. आणि शेवटी कोर्टाकडे मागायचं काय, तेच लिहिलं नाही. किती हवी, कधीपासून हवी, काही नाही. असा अर्ज मी बाहुलीसाठीही केला नसता. पेपर देताना मला बरं वाटलं, मॅडम, हे खरं. वाटलं, सुटले.

यंत्राने मला माणूस ठरवलं. प्राचार्य खूश झाले. आणि मग समितीकडे जमा केलेली माझी जुनी फाइल तुम्ही घेतलीत, ती उघडून या पेपरशेजारी ठेवलीत आणि म्हणालात, "बघा सर, फरक उघड आहे. ही हिची खरी भाषा. फाइल हिची नाही, पण मुलगी प्रामाणिक आहे. समोर बसून खोटं नाही लिहिलं तिने." तुमच्या आवाजात माया होती. तीच मला अजून सहन होत नाही.

एवढं माझ्या लक्षात कसं आलं नाही? कोर्टाच्या दारात वाढलेली मी. दोन कागद शेजारी ठेवतात, सही जुळते का बघतात, हे लहानपणापासून बघत आले. मी यंत्राची भीती धरून बसले आणि माणसं दोन कागद शेजारी ठेवतील हे विसरले. यंत्रापुढे वाचले आणि तुमच्यापुढे मेले.

मग तो जबाब. "फाइलमधील मसुदे मी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तयार केले, हे मला कबूल आहे." सही केली तर नवी फाइल लिहायची मुभा आणि काठावर पास. नाही केली तर वर्ष गेलं, आणि प्रकरण विद्यापीठाकडे. तेव्हा मी का बोलले नाही, असं तुम्ही विचाराल. बोलून काय सांगायचं होतं? की आत्ताच तुमच्यासमोर मी मुद्दाम वाईट लिहिलं? कोण ऐकणार होतं? तरीही बोलायला हवं होतं असं मला रोज वाटतं.

पालकांची सही लागेल म्हणाले. अब्बा दुसऱ्या दिवशी मंठ्याहून एसटीने आले. इस्त्रीची शेरवानी घालून आले होते, ईदची. कॉलेजात पहिल्यांदा पाय ठेवत होते. त्यांना वाटत होतं पदवीदानाचं काही असेल, कारण मी फोनवर धड सांगितलं नव्हतं. तुम्ही त्यांना खुर्ची दिलीत, पाणी दिलंत. त्यांनी जबाब हातात घेतला आणि सवयीने ओठ हलवत वाचला, शेवटपर्यंत. मग माझ्याकडे वळून, मजकूर खरा आहे का, ते विचारलं, "बेटा, ये मजमून सही है?"

प्राचार्य माझ्याकडे बघत होते. तुम्ही बघत होतात. मी म्हणाले, "हौ, अब्बा."

त्यांनी सही केली. किती सावकाश केली, तुम्ही पाहिलंत. त्यांची सही फाइलमधल्या प्रत्येक पानापेक्षा देखणी आहे.

एसटीत मी त्यांना सगळं सांगितलं. अकिब, यंत्र, टाइपरायटरचा अर्ज, मुद्दाम बिघडवलेला पेपर, सगळं. ते खिडकीपाशी बसले होते. मंठा यायला आलं तेव्हा म्हणाले, "बेटा, कबुली के बाद का बयान कोई नहीं सुनता." रागाने नाही म्हणाले. पक्षकाराला समजावतात तसं म्हणाले. त्यांच्या टपरीसमोर रोज कोणीतरी सही करून येतो आणि मग सांगतो, ती मी अशी केली नव्हती, तशी केली होती. अब्बा सगळ्यांना हेच सांगतात. मी त्या रांगेत जाऊन उभी राहिले एवढंच.

अम्मीने मला जवळ घेतलं आणि जाऊ दे म्हणाली, पास झालीस ना. अम्मीला अर्जाशी घेणं नाही. घरात त्यानंतर तो विषय निघाला नाही. अब्बा माझ्याशी प्रेमाने बोलतात, चहा लागला की मलाच हाक मारतात. पण पूर्वी अवघड मसुदा आला की टपरीतून मला फोन करायचे, "आसिफा, इसमें क्या डालूँ?" तो फोन आता येत नाही.

तुम्हाला लिहायचं कारण आता सांगते. त्यांना एक फोन करा. माझी फाइल तुमच्या कपाटात राहिली आहे, निघताना तिथेच ठेवलीत असं दैवशाला म्हणाली. ती मागवून घ्या आणि पहिल्या वर्षी तुम्ही वर्गात वाचलेल्या अर्जाशेजारी ठेवा, जशी त्या दिवशी ठेवली होतीत. मग अब्बांना सांगा, काय दिसतं ते. माझ्या सांगण्याला आता किंमत नाही. सही तुमच्यासमोर झाली, ती तुमच्याच तोंडून पुसली तर पुसेल. मला माफी नको. एक फोन पुरे.

हे पत्र मी आधीच लिहायला हवं होतं. आजच का लिहिलं, तेही सांगते.

अब्बांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यामुळे मी टपरीत त्यांच्याशेजारी बसते. काल जांब समर्थकडची एक बाई आली, नंदाबाई. वडील वारले, भावांनी सातबाऱ्यावर आपापली नावं लावून घेतली, हिचं नावच नाही. ती सांगत होती, "म्या काय म्हन्ते, मला जमीन न्हाई दिली तरी चालंल. पर बापाच्या कागदावर माझं नाव पाह्यजे." अब्बा तिला प्रश्न विचारत होते, वाद घालत होते. मग माझ्याकडे कागद सरकवून म्हणाले, "तू लिख." एप्रिलनंतर पहिल्यांदा.

मी लिहिलं. मॅडम, काय सांगू, कसं लिहिलं. एकदाही थांबले नाही. बाईचा बाप, गट नंबर, वारस, कोणी कधी काय केलं, तिला काय हवं, सगळं आपापल्या जागी जाऊन बसलं. माझ्या आजोबांनी वाचलं असतं तर कुठे बोट ठेवलं नसतं. फाइलमध्येसुद्धा मी असं लिहिलेलं नाही.

अब्बांनी एका डोळ्याने, बोट फिरवत, ओठ हलवत वाचलं. खिशातलं पेन बाहेर काढलं नाही. दुरुस्ती करायला काही नव्हतं. पान संपल्यावर त्यांचं बोट थांबलं. टेबलावर माझा फोन पडला होता, त्याच्याकडे त्यांनी पाहिलं. मग माझ्याकडे.

"ये तूच लिखी?"

"हौ, अब्बा."

"जी," अब्बा म्हणाले, आणि कागद नंदाबाईपुढे सहीला ठेवला.

आसिफा